उबवणी केंद्रातली टोचणी आणि रुग्णालयातले औषध : क्यूबेक, २००३ ते २०१४

फेब्रुवारी २००५मध्ये कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या ब्रॉयलर उबवणी केंद्रांनी एक औषध आपणहून थांबवले. औषधाचे नाव सेफ्टिओफर, जनावरांसाठीचे एक प्रतिजैविक. त्याआधी, २००४मध्ये, प्रांतातल्या दुकानांतून आणलेल्या कोंबडीत साल्मोनेला हायडेलबर्ग या जिवाणूचे जे नमुने सापडले त्यांतले ६२ टक्के या औषधाला दाद देत नव्हते. २००६मध्ये हे प्रमाण ७ टक्के झाले. त्याच दोन वर्षांत, त्याच प्रांतात, याच जिवाणूने आजारी पडलेल्या माणसांच्या नमुन्यांत ते ३६ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. २००७मध्ये केंद्रांनी औषध अंशतः परत सुरू केले आणि दुकानातल्या कोंबडीतला आकडा पुन्हा चढून २० टक्क्यांपर्यंत गेला.

औषध द्यायचे, थांबवायचे, परत द्यायचे आणि दर वेळी माणसे किती आजारी पडतात ते मोजायचे, असा प्रयोग कोणी मुद्दाम आखला असता तर कोणत्याही नीतिसमितीने तो दारातूनच परत पाठवला असता. इथे तो व्यवसायाच्या गरजेतून घडला आणि मोजणारी यंत्रणा योगायोगाने आधीच उभी होती. प्रतिजैविकांचा पशुपालनातला वापर आणि माणसांतला प्रतिकार यांच्यातल्या नात्यावर वाद पुष्कळ झाले आहेत. इतके स्वच्छ उदाहरण मात्र क्वचितच हाती लागते.

अंड्यात औषध का?

ब्रॉयलरचे पिल्लू २१ दिवसांत अंड्यातून बाहेर येते. साधारण अठराव्या दिवशी अंडी सेटरमधून (उबवण्याच्या यंत्रातून) हॅचरमध्ये (पिल्ले बाहेर येण्याच्या यंत्रात) हलवतात आणि मोठ्या केंद्रांत याच वेळी इन-ओव्हो यंत्र अंड्याच्या बोथट टोकाला बारीक छिद्र पाडून सुई आत घालते. दर अंड्याला साधारण ०.०५ मिली द्रव जातो. मुख्य हेतू मारेक्स या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस देणे हा. वेळ साडेसतरा ते एकोणीस दिवसांच्या मधली असावी लागते. लवकर टोचले तर लस नीट लागत नाही आणि उबवण घसरते. सुई वरच्या हवेच्या पोकळीतच थांबली तर लस वायाच जाते.

या पद्धतीत एक दुखणे अंगभूत आहे. टरफलाला छिद्र पडते. हॅचरमधली हवा दमट, उबदार आणि पिल्लांच्या लवीने भरलेली असते, त्यामुळे त्या छिद्रातून जंतू आणि बुरशी दोन्ही आत जाऊ शकतात. त्यात विष्ठा लागलेली अंडी, जमिनीवर घातलेली अंडी आणि तडा गेलेली अंडी आली की ई. कोलाय बलकापर्यंत पोहोचतो. उबवणीच्या शेवटच्या दोन दिवसांत बलकाची पिशवी पोटात ओढली जाते आणि नाभी बंद होते. नाभी नीट मिटली नाही किंवा बलक आधीच दूषित असला तर पहिल्या आठवड्यात पिल्ले मरतात. पोट फुगलेले, नाभी काळी व ओली, चिरून पाहिले तर बलक न जिरलेला, तपकिरी-हिरवट आणि कुबट वासाचा. यालाच नाभीदाह किंवा बलक पिशवीचा संसर्ग म्हणतात.

ही मरतुक आटोक्यात ठेवायला लसीच्या द्रवातच सेफ्टिओफर मिसळण्याचा प्रघात पडला. अमेरिकेत एक दिवसाच्या पिल्लाला मानेच्या कातडीखाली ०.०८ ते ०.२० मिग्रॅ अशी मात्रा लेबलवर मंजूर होती. कॅनडात अंड्यात टोचणे लेबलबाह्य होते. पशुवैद्यकाच्या निर्णयावर ते चालत असे आणि त्या काळच्या नियमांत ते बसत असे. लबाडी कुणी केली नव्हती. एका टोचणीत लसही जाते आणि मरतुकही थांबते, हे कोणत्याही व्यवस्थापकाला पटेल असेच गणित होते.

तोळाभर औषध

पहिली चूक होते ती वजनात. एक लाख अंड्यांना ०.२० मिग्रॅ ही वरची मात्रा धरली तरी एकूण औषध २० ग्रॅम भरते. गंभीर संसर्ग झालेल्या एका प्रौढ माणसाला सेफ्ट्रियाक्सोन रोज २ ग्रॅम याप्रमाणे दहा दिवस दिले तर तेवढेच २० ग्रॅम लागते. उलट, त्याच एक लाख कोंबड्या आयुष्यभरात प्रत्येकी साडेतीन किलो खाद्य खातात असे धरून टनाला १०० ग्रॅम या दराने एखादे जुने औषध खाद्यात मिसळले, तर ते ३५ किलो होते. देशभराच्या विक्रीचा तक्ता किलोंत मांडला की ही २० ग्रॅमची नोंद त्यात दिसणारही नाही.

घडते ते मात्र नेमके या २० ग्रॅममुळे. अंड्यातल्या पिल्लाचे आतडे जवळजवळ रिकामे असते. बाहेर आल्यावर पहिल्या काही तासांत जो जिवाणू आत शिरेल तो घर करतो. अशा वेळी शरीरात सेफ्टिओफर असले तर साधे ई. कोलाय आणि साधे साल्मोनेला मरतात आणि प्रतिकारक्षम जिवाणूला रिकामे घर मिळते. औषध काही दिवसांत निघून जाते. तो जिवाणू शेडमध्ये, जमिनीवर अंथरलेल्या भुशात, पाण्याच्या निपलवर, पाच-सहा आठवड्यांनी कत्तलखान्याकडे जाणाऱ्या पिंजऱ्यांतही राहतो. शिवाय उबवणी केंद्र ही साखळीतली अरुंद मान आहे. एका केंद्रातून निघालेली पिल्ले डझनावारी शेतांवर जातात. मानेपाशी केलेली निवड साऱ्या अंगभर पसरते.

याच कारणाने औषधाच्या अंशांची तपासणी इथे निरुपयोगी ठरते. आपल्याकडे मराठी बातम्यांत कोंबडी आणि अँटिबायोटिक हे विषय एकत्र आले की चर्चा मांसातल्या अंशांवर जाते आणि तिथेच संपते. पस्तिसाव्या दिवशी कापलेल्या क्यूबेकच्या कोंबडीत सेफ्टिओफरचा मागमूसही नसायचा. अंशांच्या कसोटीवर ती निर्मळ ठरली असती आणि तिच्या कातडीवरचा हायडेलबर्ग मात्र रुग्णालयातल्या औषधाला न जुमानणारा असता.

एक जनुक, दोन औषधे

सेफ्टिओफर फक्त जनावरांत वापरतात, माणसांना देत नाहीत. म्हणून माणसाच्या औषधाला धोका नाही, हा युक्तिवाद त्या काळी ऐकू यायचा. तो चुकीचा आहे, कारण सेफ्टिओफर आणि सेफ्ट्रियाक्सोन ही दोन्ही तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आहेत आणि दोघांना एकच विकर तोडते. आपल्याकडे सेफ्ट्रियाक्सोन हे नाव घराघरांत माहीत झाले ते टायफॉइडच्या शिरेतून दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनमुळे. लहान मुलाला किंवा गरोदर बाईला साल्मोनेलाचा रक्तसंसर्ग झाला तर फ्लुओरोक्विनोलोन (सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधे) शक्यतो टाळतात, म्हणजे हाताशी मुख्यतः हेच उरते.

क्यूबेकमधल्या नमुन्यांत हे विकर तयार करणारे जनुक सीएमवाय-२ होते. त्याचे मूळ सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडी या जिवाणूच्या गुणसूत्रात आहे. तिथून ते प्लाझमिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, आले आणि प्लाझमिड एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात. सीएमवाय-२ असलेला जिवाणू अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक आम्ल, सेफॉक्सिटिन, सेफ्टिओफर आणि सेफ्ट्रियाक्सोन इतक्यांना एकदम तोंड देतो. क्लॅव्युलॅनिक आम्लाने हे विकर बंद पडत नाही. अशीच औषधे तोडणाऱ्या ईएसबीएल या दुसऱ्या विकरगटापासून त्याला वेगळे ओळखायची ही सोपी खूण आहे. सेफेपीम आणि कार्बापेनेम ही राखून वापरायची औषधे त्याच्यापुढे सहसा टिकतात, पण साध्या अतिसारातून सुरू झालेल्या आजारासाठी तिथवर जावे लागणे हीच गोष्ट मुळात अडचणीची.

आकडे इतक्या झपाट्याने का पडले, याचे बरेचसे उत्तर याच प्लाझमिडमध्ये आहे. कॅनडातल्या हायडेलबर्गमध्ये सीएमवाय-२ मुख्यतः इन्क-आय-१ गटाच्या प्लाझमिडवर सापडले आणि त्या प्लाझमिडवर इतर औषधांच्या प्रतिकाराचे ओझे फारसे नव्हते. म्हणजे टेट्रासायक्लिन किंवा सल्फा चालू राहिले तरी त्यामुळे सीएमवाय-२ला आयता आधार मिळत नव्हता. सेफ्टिओफर थांबले आणि त्याचा फायदाच संपला. हेच जनुक जर पाच-सहा औषधांचा प्रतिकार एकत्र वाहणाऱ्या प्लाझमिडवर असते, तर एक औषध थांबवून इतका फरक पडला नसता. क्यूबेकचा निकाल सर्वत्र जसाच्या तसा मिळेल असे गृहीत धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मोजणी कशी झाली

कॅनडाचा प्रतिजैविक-प्रतिकार निगराणीचा एकत्रित कार्यक्रम २००२मध्ये सुरू झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सिपार्स म्हणतात. किरकोळ दुकानांतून मांसाचे नमुने घेण्याचा भाग २००३मध्ये क्यूबेक आणि ऑन्टॅरिओत सुरू झाला. हे कोंबडी उत्पादनाचे देशातले दोन सर्वांत मोठे प्रांत. नमुने ठरावीक योजनेने, वर्षभर, सामान्य ग्राहक जिथे खरेदी करतो तिथून घेतले जात. पेप्टोन पाण्यात वाढ, मग निवडक माध्यमांवर साल्मोनेला आणि ई. कोलाय वेगळे करणे, मग द्रवातल्या सूक्ष्म विरलीकरणाच्या पट्टीवर औषधांची चाचणी. रुग्णांचे जिवाणू प्रांताच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेकडून येत. माणूस आणि कोंबडी यांच्या नमुन्यांना तीच औषधांची पट्टी आणि तेच निकष लावले गेले. वाचताना ही बाब क्षुल्लक वाटेल, पण बहुतेक देशांत आरोग्य खाते एका मापाने मोजते आणि पशुसंवर्धन खाते दुसऱ्या. मग आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत.

निकषांची एक गंमत इथे सांगायला हवी, कारण जुने अहवाल वाचताना तिच्यामुळे फसगत होते. जिवाणूची वाढ थांबवायला सेफ्टिओफर ८ मायक्रोग्रॅम प्रति मिली किंवा त्याहून अधिक लागले तर प्रतिकार, असा निकष होता. सेफ्ट्रियाक्सोनसाठी मात्र अमेरिकेतल्या क्लिनिकल अँड लॅबोरेटरी स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूटचा निकष २०१०पर्यंत ६४ होता आणि मग तो ४वर आणला गेला. सीएमवाय-२ असलेले पुष्कळसे साल्मोनेला १६ किंवा ३२वर थांबतात. जुन्या निकषाने ते सेफ्ट्रियाक्सोनला प्रतिकारक्षम ठरतच नव्हते, ‘मध्यम’ म्हणून नोंदले जात होते. म्हणजे सेफ्टिओफरच्या रकान्यात धोक्याची घंटा आणि सेफ्ट्रियाक्सोनच्या रकान्यात सगळे आलबेल. २०१०पूर्वीचा अहवाल वाचताना सेफ्टिओफरचाच रकाना पाहावा.

दुसरी अडचण संख्येची. दुकानातल्या जवळजवळ प्रत्येक कोंबडीवर ई. कोलाय सापडतो. साल्मोनेला काही थोड्यांवर, आणि त्यातला हायडेलबर्ग आणखी थोड्यांवर. एका तिमाहीत हाती येणारे हायडेलबर्ग इतके कमी की टक्केवारी उगाच उड्या मारते. म्हणून चालू तिमाही आणि आधीच्या दोन तिमाह्या यांची सरकती सरासरी काढली गेली. याचा परिणाम असा की आलेख प्रत्यक्षाच्या थोडा मागून चालतो. फेब्रुवारी २००५नंतर रेषा लगेच कोसळत नाही म्हणून जिवाणू हट्टी होते असा अर्थ काढू नये. काही उशीर सरासरीचा आहे, काही शेडमध्ये आधीच असलेल्या बॅचचा, काही शीतगृहातल्या मालाचा.

आकड्यांची उलटतपासणी

हायडेलबर्गचा एखादा वंश आपोआप मागे पडला आणि त्याच सुमारास औषध थांबले, असे तर नव्हे? साल्मोनेलात वंशांची चढउतार नेहमीची असल्याने ही शंका रास्त आहे. उत्तर ई. कोलायने दिले. कोंबडीतला ई. कोलाय हा एकच वंश नसतो, शेकडो असतात, आणि ते सगळे एकाच वेळी मागे पडायला काही कारण नाही. तरीही दुकानातल्या कोंबडीच्या ई. कोलायमध्ये प्रतिकार ३४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला आणि औषध परतल्यावर १९ टक्क्यांवर गेला. दोन वेगळे जिवाणू, एकच चाल. त्यात देशभरातल्या प्रांतांचे आकडे शेजारी मांडले तेव्हा दुकानातल्या कोंबडीतला प्रतिकारक्षम हायडेलबर्ग आणि माणसांतला प्रतिकारक्षम हायडेलबर्ग यांचा सहसंबंध ०.९ आला. हे विश्लेषण २०१०च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले.

तरी एक मोठे भोक राहतेच. केंद्रांनी नेमके किती अंड्यांत, किती मात्रेने औषध टोचले याची सार्वजनिक नोंद त्या काळात नव्हती. औषध कधी जोरात होते, कधी थांबले आणि कधी परत आले, इतकेच उद्योगाच्या घोषणांवरून माहीत होते. ब्रॉयलर शेतांवरची औषधवापराची निगराणी सिपार्सने २०१३मध्ये सुरू केली. परिणाम दशांशापर्यंत मोजलेला आणि कारण अंदाजाने धरलेले, अशी ही स्थिती. आमच्या मते त्याने निष्कर्ष डळमळत नाही, पण ‘वापर इतके टक्के घटवला तर प्रतिकार इतके टक्के घटतो’ असे सूत्र क्यूबेकच्या आधाराने कोणी मांडत असेल तर ते मान्य करू नये.

२००७ : औषध परत का आले

उद्योगाला दोष देऊन हा भाग उरकता येतो, पण त्यातून हाती काही लागत नाही. सेफ्टिओफर थांबल्यावर काही केंद्रांत नाभीदाह परतला. औषध झाकत होते ते दोष उघडे पडले. दोन वर्षे केंद्रांनी तग धरला आणि मग अंशतः वापर सुरू केला. औषध काढून घेतले पण ज्या कामाच्या जागी ते बसले होते ते काम कोणी हाती घेतले नाही, तर औषध परत येणारच.

ते काम साखळीत खूप आधी, पॅरेंट पक्ष्यांच्या, म्हणजे ब्रॉयलरच्या आईबापांच्या, शेडमध्ये सुरू होते. जमिनीवर घातलेली अंडी उबवायला पाठवायचीच नाहीत. ती धुऊन चालवू हा मोह मोठा असतो. ओले टरफल आणि थंड होणारे अंडे हा सर्वांत वाईट मेळ आहे: आतला पदार्थ आकसतो, आत ओढ निर्माण होते आणि पृष्ठभागावरचे पाणी जंतूंसकट छिद्रांतून आत जाते. धुण्याच्या पाण्याचे तापमान अंड्यापेक्षा कमी असले तर आपण स्वतःच संसर्ग टोचल्यासारखे होते. साठवणीत तापमान १५ ते १८ अंश सेल्सिअस ठेवतात. तिथून अंडी एकदम दमट, उबदार जागी आणली की त्यांना घाम फुटतो आणि पुन्हा तेच. पावसाळ्यातल्या कोकणात किंवा गोव्यात केंद्र चालवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

अठराव्या दिवशी अंडी हलवताना प्रकाशात धरून तडकलेली, वांझ आणि सडलेली बाजूला काढणे हे दुसरे ठिकाण. सडके अंडे हॅचरमध्ये फुटले तर आसपासचा आख्खा ट्रे दूषित होतो आणि त्या दिवशी टोचणीच्या छिद्रांना तोच फवारा मिळतो. टोचणी यंत्रात दर अंड्यानंतर सुई आणि छिद्र पाडणारी नळी निर्जंतुक द्रावाने धुतली गेली पाहिजे. त्या द्रावाची तीव्रता पाळीच्या सुरुवातीलाच नव्हे तर मध्येही तपासावी. बहुतेक केंद्रांत हेच राहून जाते. लसीच्या द्रवात दुसरे काही मिसळण्याचाही हिशेब नीट पाहिला जात नाही. मारेक्सची लस जिवंत पेशींची असते, द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवलेली. वितळवल्यावर ती तासाभरात संपवायची. द्रवाची आम्लता किंवा क्षारांचे प्रमाण बदलले तर त्या पेशी मरतात, आणि मरतुक वाचवायला घातलेले औषध लसच अर्धी करून ठेवते. आपल्याकडे ही लस बहुधा एक दिवसाच्या पिल्लाला मानेत देतात. द्रवात ‘थोडेसे काहीतरी’ घालण्याची सवय तिथेही लागू शकते आणि तिथेही हेच नुकसान होते.

हॅचरचे तापमान जास्त झाले तर पिल्ले घाईने बाहेर येतात आणि नाभी उघडी राहते. नाभीवर काळे बटण किंवा ओघळ दिसला तर दोष बहुधा तापमान-आर्द्रतेचा असतो, जंतू नंतर येतो. दर बॅचमधली ५०-१०० पिल्ले उलटी धरून नाभी पाहावी आणि त्याची नोंद ठेवावी. शेडवर पोहोचल्यावर पिल्लाचे गुदमार्गातले तापमान ४० ते ४०.६ अंशांच्या आसपास हवे. गारठलेले पिल्लू खात नाही, आणि न खाणाऱ्या पिल्लाचा बलक जिरायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यातली मरतुक १ टक्क्याच्या आत असेल तर हॅचरीतल्या प्रतिबंधक औषधाचे समर्थन करणे अवघड आहे. त्याहून जास्त असेल तर आधी मेलेली पिल्ले चिरून बलकाचा कल्चर करावा आणि अंडी कोणत्या पॅरेंट शेडमधून आली ते शोधावे. पुष्कळदा सारा त्रास एकाच म्हाताऱ्या कळपाच्या अंड्यांत सापडतो.

पॅरेंट कळपांकडे पाहण्याचे आणखी एक कारण आहे. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये ब्रॉयलरना सेफॅलोस्पोरिन देत नसतानाही सीएमवाय-२ असलेले ई. कोलाय सापडले. ते आयात केलेल्या प्रजनन पक्ष्यांबरोबर वरून खाली आले होते. जगभर ब्रॉयलरचे आजी-आजोबा पक्षी मोजक्याच कंपन्या पुरवतात, त्यामुळे वरच्या पायरीवर झालेली निवड सीमा ओलांडून येते. आपल्या केंद्रात औषध नाही एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.

ताटाच्या बाजूने

हायडेलबर्ग त्या वर्षांत कॅनडात माणसांना होणाऱ्या साल्मोनेलाच्या पहिल्या तीन प्रकारांपैकी एक होता आणि इतर बऱ्याच प्रकारांपेक्षा रक्तात शिरण्याकडे त्याचा कल जास्त. धडधाकट प्रौढाला त्याने जुलाब-ताप झाला तर प्रतिजैविकाची गरज सहसा नसते. पाणी आणि क्षार भरून काढायचे. औषध लागते ते तीन महिन्यांखालच्या बाळाला, वृद्धांना, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना आणि रक्तसंसर्गात. म्हणजे प्रतिकाराचा फटका बसतो तो ज्यांना पर्याय सर्वांत कमी त्यांनाच.

कॅनडात हायडेलबर्गचा एक रस्ता अगदी अनपेक्षित निघाला: गोठवलेले, कोटिंग केलेले चिकन नगेट. बाहेरचे आवरण आधी तळून तपकिरी केलेले, आतले मांस कच्चे. लोक ते शिजलेले समजून मायक्रोवेव्हमध्ये नुसते गरम करत. अखेर १ एप्रिल २०१९पासून कॅनडाच्या अन्न तपासणी संस्थेने अशा मालातला साल्मोनेला शोधता न येण्याइतका खाली आणणे उत्पादकांना बंधनकारक केले. प्रतिकारक्षम जिवाणू उष्णतेला मात्र काही जास्त चिवट नसतो. मांसाच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस झाले की दोन्ही सारखेच मरतात. आपल्या रश्श्यात ते सहज होते. धोका राहतो तो कच्ची कोंबडी नळाखाली धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांत, आणि त्याच विळीवर मग चिरलेल्या कोथिंबिरीत.

२०१४ आणि त्यानंतर

जपानने उबवणी केंद्रातले सेफ्टिओफर २०१२मध्ये स्वेच्छेने थांबवले, नेदरलँड्सने २०१०मध्ये, आणि दोन्हीकडे ई. कोलायमधला प्रतिकार उतरला. अमेरिकेने एप्रिल २०१२पासून जनावरांतल्या लेबलबाह्य सेफॅलोस्पोरिन वापरावर निर्बंध आणले. कॅनडात सरकारी बंदीऐवजी उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने, चिकन फार्मर्स ऑफ कॅनडाने, १५ मे २०१४पासून माणसांसाठी सर्वाधिक महत्त्वाच्या पहिल्या गटातल्या औषधांचा प्रतिबंधक वापर बंद केला. सेफ्टिओफर त्याच गटात येते. दुसऱ्या गटाचा प्रतिबंधक वापर २०१८च्या अखेरीस थांबला. कोटा पद्धतीमुळे तिथे प्रत्येक उत्पादक संघटनेच्या चौकटीत असतो, म्हणून असा निर्णय खालपर्यंत उतरतो. ज्या देशात लहान-मोठी हजारो केंद्रे कोणत्याच चौकटीत नाहीत, तिथे अशा स्वेच्छेवर आम्ही तरी भिस्त ठेवणार नाही. भारताने कोलिस्टिन या माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या प्रतिजैविकाच्या बाबतीत जुलै २०१९मध्ये थेट मनाईचा मार्ग घेतला, तो या दृष्टीने योग्यच.

या वेळी सेफ्टिओफर परतले नाही. निगराणीतल्या कळपांत त्याचा वापर थांबला आणि सेफ्ट्रियाक्सोनचा प्रतिकार कोंबडीच्या नमुन्यांत उतरत गेला. पण बऱ्याच केंद्रांनी टोचणी रिकामी ठेवली नाही. सेफ्टिओफरच्या जागी लिंकोमायसिन-स्पेक्टिनोमायसिन ही दोन प्रतिजैविकांची जोडी आली. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅनडातल्या एका ब्रॉयलर साखळीच्या अभ्यासात सीएमवाय-२ असलेल्या ई. कोलायचे प्रमाण औषध थांबल्यानंतर घटलेले दिसले. निवडक माध्यमावर शोधले तर तो अजूनही निघत होता, पॅरेंट कळपांतही. स्पेक्टिनोमायसिनच्या प्रतिकाराचे जनुक आणि माणसांनाही देतात त्या जेंटामायसिनच्या प्रतिकाराचे जनुक अनेकदा एकाच प्लाझमिडवर शेजारी बसलेले असतात. त्यामुळे सेफ्ट्रियाक्सोनचा रकाना खाली येत असताना कोंबडीच्या ई. कोलायमधला जेंटामायसिनचा रकाना वर सरकू लागला.